टेलरबाईंचं युद्धाचं इंग्रजी

विहीणबाईंना इंग्रजी येत होतं, आणि टेलरबाईंच्या लेखी तेवढा एक गुन्हा पुरेसा होता.

एरवी विहीण वाईट नव्हती. लायब्ररीतून रिटायर झालेली, हळू बोलणारी, मुलांच्या लग्नात एकदाही तोंड वाकडं न केलेली. पण दर रविवारी परदेशातून लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा, दोन्ही आज्या आपापल्या घरून त्यात हजर व्हायच्या, आणि पाच वर्षांचा नातू टिल्लू थेट विहीणबाईंच्या चौकटीला चिकटायचा. टिल्लूला मराठी येत नव्हतं. विहीणबाई त्याला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायच्या. बेडूक कुठे लपला, ससा काय म्हणाला, सगळं इंग्रजीत आणि वर आवाज बदलून. तो खदाखदा हसायचा. टेलरबाई आपल्या चौकटीत नुसत्या हात हलवत बसायच्या. शेवटी लेक म्हणायची, "या आजीला पण बाय कर," आणि तो करायचा, दाराशी आलेल्या अनोळखी माणसाला करावं तसा.

पोर माझ्या लेकीच्या पोटचं आणि लळा हिचा! टेलरबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. विहीणबाईंचा चष्मा, विहीणबाईंचं ते बेडकाचं पुस्तक, सगळंच त्या पाण्यात पाहू लागल्या.

त्यांचं दुकान कपडे आत-बाहेर करून देण्याचं होतं. पँटची उंची कमी करा, कंबर सैल करा, चेन बदला. थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर एक टीव्ही होता. चेन बदलायला आलेल्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, "इंग्रजी शिकायचंय ना? बातम्या लावून ठेवा. स्पष्ट बोलतात, खाली पट्टीवर लिहून येतं, आणि दिवसभर तेच ते शब्द."

सल्ला सोळा आणे खरा होता. फक्त त्या दिवसांत लांबच्या दोन देशांत युद्ध पेटलं होतं आणि चॅनेलला दुसरा विषयच नव्हता. टेलरबाई ओठांत टाचण्या धरून पुटपुटायच्या: मिसाईल, होस्टेज, शेलिंग, सीझफायर. घासाघीस करून निघून गेलेल्या गिऱ्हाइकाच्या पाठीकडे बघून त्या म्हणायच्या, "टॉक्स फेल्ड." चमचा, उशी, पांघरूण यांना इंग्रजीत काय म्हणतात, ते मात्र कुठल्याच पट्टीवर आलं नाही.

मग एका रविवारी टिल्लूने ठोकळ्यांचा मनोरा रचला आणि तो धाडकन पडला. विहीणबाई "अरेरे" म्हणायच्या आत टेलरबाई पुढे सरसावल्या.

"बिल्डिंग कोलॅप्स! पीपल अंडर रबल! रेस्क्यू टीम कमिंग!"

टिल्लूने मान वळवली. ही आजी बोलते हेच त्याला नवीन होतं. त्याने ढिगारा उपसायला घेतला, एक प्लास्टिकचा घोडा बाहेर काढला, आणि टेलरबाईंनी जाहीर केलं, "वन सर्व्हायव्हर!" पोर जागच्या जागी नाचलं. बेडूक त्या दिवशी लपलेलाच राहिला.

तिथून टेलरबाईंचे दिवस फिरले. कॉल लागला की टिल्लू पहिली हाक त्यांना मारी. त्या मुद्दाम दुकानातून बोलायच्या, पाय मशीनवर. एकदा त्याने विचारलं, हा आवाज कसला? त्या खुशीत म्हणाल्या, "फायरिंग!" एकदा लाइट गेली, तेव्हा अंधारातून सांगितलं, "ब्लॅकआउट!" मग तो दरवेळी विचारू लागला, "आजी, आर यू सेफ?" आणि त्या हात उंचावून म्हणायच्या, "सेफ, सेफ. सिच्युएशन अंडर कंट्रोल."

विहीणबाईंनी शेवटी फोन केला. "अहो, लहान मुलाशी ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसांच्या गोष्टी कशाला?"

झोंबल्या मिरच्या, टेलरबाईंना वाटलं. "तुम्हाला विचारतो का हो तो कधी, सेफ आहात का म्हणून? माया असते तिथेच माणूस विचारतो."

विहीणबाईंनी फोन ठेवला. टेलरबाईंनी त्या आनंदात तीन पँटी उरकल्या.

बुधवारी भरदुपारी लेकीचा फोन आला. "आई, शाळेत आजीच्या घराचं चित्र काढायला सांगितलं होतं. त्याने तुझं दुकान काढलंय. वर विमानं, खाली विटांचा ढीग, आणि ढिगात तू, मशीनसकट."

"छान काढलंय का?"

"अगं, त्याला वाटतं तू युद्धात राहतेस. रोज झोपताना विचारतो, आजीचं घर अजून उभं आहे ना? म्हणून आधी तुला हाक मारतो. दुसरी आजी सुखरूप आहे, तिच्याशी नंतर बोललं तरी चालेल, म्हणतो."

टेलरबाई खुर्चीत बसल्या.

"मी सांगून थकले," लेक म्हणाली, "पण म्हणतो, आजीच सांगते ना. आता तूच सांग."

लाज तर वाटलीच. पण खरं सांगायचं तर त्यातही एक विचार डोकं वर काढून बसलाच: एकदा त्याची भीती गेली, की पोर पुन्हा विहिणीचं. तो विचार त्यांना गिळता येईना आणि थुंकताही येईना. दोन दिवस त्या दुकानात तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत राहिल्या. नो मिसाईल. नो फायरिंग. 'नाही' म्हणायचं म्हटलं तरी आधी बॉम्बच पडत होता. घरात काही घडत नाही, माणूस जेवतो आणि झोपतो, हे सांगायला त्यांच्याकडे एक शब्द नव्हता.

शनिवारी दुकान बंद करून त्या विहीणबाईंच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दार उघडलं. आत टीव्हीवर तेच चॅनेल, तीच पट्टी, आवाज मोठा. विहीणबाई रिमोटकडे धावल्या.

"ते आपलं असंच," त्या म्हणाल्या. मग कानापर्यंत लाल होऊन म्हणाल्या, "म्हटलं, आपणही थोडं रेस्क्यूबिस्क्यू शिकावं."

टेलरबाईंना हसू आलं आणि लगेच गेलं. त्यांनी चित्राचं सांगितलं, काहीही न लपवता. मग म्हणाल्या, "मला उशीला काय म्हणतात ते शिकवा."

रविवारी दोघी टेलरबाईंच्या घरी एकाच फोनसमोर बसल्या. टिल्लूने विचारलं, "आजी, आर यू सेफ?"

टेलरबाई फोन घेऊन उठल्या. "लुक. माय बेड. पिलो. सॉफ्ट." त्यांनी पडदा सारला. "क्वाएट स्ट्रीट. वन सायकल." छत दाखवलं, चारही कोपरे. मग खाली दुकानात जाऊन मशीन चालवून दाखवली. "धिस नॉइज. ओन्ली मशीन. नो वॉर हिअर. आय ईट. आय स्लीप."

टिल्लू सगळं बारकाईने बघत होता. छत त्याने पुन्हा एकदा दाखवायला लावलं. मग त्याचे खांदे सैल पडले.

"ओके," तो म्हणाला, आणि दुसऱ्या आजीला बोलावलं. बेडूक कुठे लपला ते राहिलं होतं.

पोटात दुखायचं ते दुखलंच. विहीणबाईंनी चष्मा लावून पुस्तक उघडलं, पण एका हातात फोन असल्याने त्यांना पानं उलटता येईनात. टेलरबाईंनी फोन हातात घेतला आणि पुस्तक नीट दिसेल असा धरून ठेवला.

निरोप घेताना टिल्लूने दोघींना बाय केलं. सेफ आहेस का, हे मात्र त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.