चालू स्थितीतलं भंगार

यंदाच्या हंगामात दुसरी लाइन एकशे अठरा दिवसांत फक्त सहा तास बंद राहिली. इजिप्तमधला हा साखर कारखाना उभा राहिल्यापासूनचा विक्रम. शेवटचा ऊस चरकातून गेला तेव्हा फिटर मंडळींनी तेलाचे रिकामे डबे बडवले. लग्नात बायका जीभ हलवून आनंदाची लांबलचक आरोळी देतात, तशीही कुणीतरी द्यायला हवी होती. तिथे बाई एकच, इंजिनिअर नग्ला, आणि ती काही केल्या तयार होईना. मग साठीला टेकलेल्या हनफी फिटरने दिली आणि फारच सुरेल दिली.

पण यातलं काहीच घडलेलं नाही. कारखान्याच्या कागदांनुसार दुसऱ्या लाइनीचा रस वर चढवणारा पंपच अस्तित्वात नाही. तो पाच वर्षांपूर्वी भंगारात निघाला. पंप नाही म्हणजे रस नाही, रस नाही म्हणजे साखर नाही, आणि साखर नाही म्हणजे हनफीला ओरडायचं कारणच नाही. तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरून मागे जाऊ, हंगामाच्या सुरुवातीला.

गेल्या वर्षी हीच लाइन एकशे शहाण्णव तास बंद होती. छोट्या आगगाडीच्या डब्यांत ऊस वाळत पडला, शेतकरी फाटकावर येऊन बसले आणि त्यांनी कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नग्लाचं म्हणणं असं, की यंत्र मोडायची वाट बघत बसायचं नाही. ते आधी कुरकुरतं, ते ऐकायचं आणि वेळेत दुरुस्त करायचं. यासाठी तिने संचालक सरवत बे यांच्या मागे लागून दोन वर्षांत एक छोटासा विभाग मिळवला होता. विभाग म्हणजे ती, हनफी आणि थरथर मोजायचं एक यंत्र.

सरवत बे इंजिनिअरबाईंना मानाने हाक मारून म्हणाले, "हे बघ बाशमुहंदिसा, तुझं ऐकणं-बिकणं छान आहे. पण या हंगामात दुसरी लाइन दहा तासांच्या वर थांबली, तर तुझा विभाग बंद. तू दफ्तरखान्यात."

"आणि हनफी?"

"तोही दफ्तरखान्यात. कागद कुरकुरतात का ते ऐकेल."

दफ्तरखाना तळघरात होता. तिथे गेलेला माणूस पेन्शनीलाच वर यायचा.

नग्लाने पहिलं काम केलं ते यंत्रांच्या मोजणीचं. नोंदवहीत चारशे बारा. तिने आणि हनफीने चार दिवस फिरून मोजली, तर चारशे तेरा.

"एक वाढलं कसं?" तिने विचारलं.

"व्यालं असेल," हनफी म्हणाला. "वसंतात होतं असं."

वाढीव यंत्र म्हणजे दुसऱ्या लाइनीचा तीन नंबरचा रसाचा पंप. पाच वर्षांपूर्वी नवा पंप मंजूर व्हायला जुना भंगारात काढणं भाग होतं, म्हणून समिती आली, चहा प्याली आणि भंगाराचा शिक्का मारून गेली. मग नवा पंप आला, पण त्याची भोकं पायाच्या बोल्टांशी जुळेनात. तो आपल्या लाकडी खोक्यात भांडारात विसावला, आणि जुना, मेल्याचा दाखला असूनही, कामावर येत राहिला. पाच वर्षांत त्याने एकदाही दांडी मारली नव्हती.

फेब्रुवारीत एका सकाळी हनफीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्या पंपावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"काय म्हणतोय?"

"खडे चावतोय."

नग्लाने थरथर मोजली. आकडा आठवडाभर रोज थोडा थोडा चढला. बेअरिंग निकामी होत चाललं होतं. तिने हिशेब मांडला: तीन आठवडे, फार तर चार. आता बदललं तर चार तासांचं काम. फुटलं तर दांडा घेऊन जाणार, आणि मग लाइन दोन दिवस बंद. म्हणजे तळघर.

बेअरिंग भांडारात होतं. भांडार अम्म सिदहुम, म्हणजे सगळ्यांचे सिदहुमकाका, यांच्या उहद्यात होतं. उहदा म्हणजे काय, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही कळतं: सरकारी वस्तू ज्याच्या नावावर चढली, ती जशीच्या तशी परत दाखवेपर्यंत त्याची सुटका नाही. अम्म सिदहुम जूनमध्ये निवृत्त होणार होते. गच्चीवर कबुतरांसाठी मातीचा मनोराही बांधून तयार होता. अट एकच, की उहद्यातली एकूणएक वस्तू नव्या माणसाच्या हवाली व्हावी.

"बेअरिंग आहे?" नग्लाने विचारलं.

"आहे म्हणजे काय! अकरा वर्षं आहे. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, सातव्या फळीवर. दर गुरुवारी मी त्याची विचारपूस करतो."

"मला द्या."

अम्म सिदहुम यांनी चष्मा काढला. "कोणत्या यंत्रासाठी?"

"तीन नंबरचा पंप."

"तो भंगार आहे, बाशमुहंदिसा. चालू यंत्राला भाग लागत नाही, कारण ते चालू असतं. बंद पडलेल्याला लाल अर्जावर मिळतो. भंगाराला कशावरच मिळत नाही. मेलेल्या माणसाला कुणी चष्मा करून देतं का?"

"पण अम्म, हा मेलेला माणूस ताशी दीडशे टन रस चढवतोय!"

"ते त्याच्या आणि देवाच्या मधलं."

"मग हे बेअरिंग तुम्ही कुणासाठी ठेवलंय?"

"ठेवण्यासाठी ठेवलंय, पोरी. वस्तू बाहेरच जाऊ लागल्या तर त्याला भांडार कशाला म्हणायचं? फाटक म्हणायचं."

ती सरवत बे यांच्याकडे गेली. त्यांनी तिचा आलेख उलटासुलटा करून पाहिला. "म्हणजे अजून फुटलं नाही?"

"नाही."

"मग फुटल्यावर ये. लाल अर्जावर मी लगेच सही करतो. हवी तर आत्ताच करून ठेवतो, तू तारीख टाक."

दोन आठवडे गेले. पंपाचा आवाज आता स्क्रू-ड्रायव्हरशिवायही ऐकू येत होता. हनफी त्याच्याजवळ उभा राहून डबा खायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा. "दफ्तरखान्यात ऊन येतं का हो?" तो मधूनच विचारायचा.

शेवटी नग्लाने भंगार समितीचा मूळ कागदच मागवून घेतला. तो वाचता वाचता एका ओळीवर ती थांबली. समितीत तिघे होते. त्यातल्या एकाने त्या दिवशी विचारलं असावं, चालतो का? कुणीतरी म्हणालं असावं, चालतो. आणि समितीने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'वस्तू: पंप. दर्जा: भंगार. स्थिती: चालू.' खाली लिहिलं होतं की लिलाव होईपर्यंत ही वस्तू याच स्थितीत भांडारपालाच्या उहद्यात राहील. त्याखाली सही होती, ठळक आणि वळणदार: सिदहुम.

लिलाव पाच वर्षांत झालेला नव्हता.

नग्ला कागद घेऊन भांडारात गेली. अम्म सिदहुम भाकरीसोबत उसाची काकवी खात होते.

"अम्म, एक विचारू? जूनमध्ये नवा माणूस येईल. तो ही यादी घेऊन तपासेल. तीन नंबरचा पंप, स्थिती चालू. तो म्हणेल, दाखवा चालवून. आणि पंप चालणार नाही."

"का नाही चालणार?"

"कारण त्याचं बेअरिंग येत्या आठवड्यात फुटणार आहे. त्याबरोबर दांडाही जाईल. तुमच्या नावावर एक चालू पंप आहे, आणि तुम्ही हवाली करणार एक बंद पंप. तूट नाही का झाली?"

अम्म सिदहुम यांच्या हातातला घास काकवीत पडला.

"या बोय! बाप रे!" ते म्हणाले. "माझी कबुतरं!"

"तुम्ही आठवा की, तुमचीच सही आहे."

"अगं पण मी भंगाराला बेअरिंग देऊ शकत नाही! नियम आहे! आणि नाही दिलं तर..." ते उठले, दोनदा भांडाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि सातव्या फळीसमोर थबकले. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षांची नोकरी त्या एका क्षणासाठी केली होती, असं वाटावं इतका.

"पंप कुणाच्या उहद्यात?"

"तुमच्या."

"बेअरिंग कुणाच्या उहद्यात?"

"तुमच्याच."

"मग मी देतोय कुठे? मी माझी एक वस्तू माझ्या दुसऱ्या वस्तूत ठेवतोय!" त्यांनी वही उघडली, बेअरिंगच्या ओळीतलं 'फळी सात' खोडलं आणि नीट अक्षरात लिहिलं: 'पंपाच्या आत.'

शुक्रवारी ऊस उशिरा येणार होता. लाइन ठरवून थांबवली. हनफीने जुनं बेअरिंग काढून हातात धरलं. त्याच्या कडेला तिने सांगितलं होतं तिथेच, तिने सांगितली होती तेवढीच चीर होती. "वाहवा," तो म्हणाला, "डोळ्यांनी न बघता सांगितलंत तुम्ही." अम्म सिदहुम पूर्ण वेळ स्टुलावर बसून होते. "हळू रे! माझं पेन्शन आहे ते!" चार तासांनी पंप सुरू झाला. हनफीने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, कान लावला, मग तो अम्म सिदहुम यांच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं.

"काहीच ऐकू येत नाही," ते घाबरून म्हणाले.

"तेच तर ऐकायचं असतं," नग्ला म्हणाली.

त्यानंतर अम्म सिदहुम यांना कुणी आवरू शकलं नाही. रोज सकाळी ते पंपाला भेटायला यायचे. तेल, सील, पट्टे, गॅसकेट, भांडारातलं काय काय हळूहळू 'पंपाच्या आत' ठेवलं गेलं. हनफीने चहाचा पेला पंपावर ठेवला तर ते अंगावर धावून जायचे. कारखान्यात इतकी निगा कुठल्याच यंत्राची नव्हती, आणि संचालकांचीही नव्हती.

पुढे लाइन फक्त एकदा थांबली, दोन तास, कारण उसाच्या रुळांवर एक उंट बसला होता आणि त्याला उठायचं नव्हतं. चार आणि दोन मिळून सहा. बाकीचं सुरुवातीला सांगून झालंय.

सरवत बे यांनी डब्यांचा गोंगाट ऐकला, खाली आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "विभाग राहील. आणखी दोन माणसं देतो." मग नग्लाच्या कानाशी: "फक्त अहवालात पंपाचं नाव घेऊ नकोस." तिने घेतलं नाही. त्यामुळे कैरोच्या मुख्य कार्यालयाला वाटलं की दुसरी लाइन पंपाशिवायच चालते, आणि इतर कारखान्यांतले पंप काढता येतील का, हे विचारणारं पत्र आलं.

जूनमध्ये नव्या भांडारपालाने बटण दाबलं, पंप चालला, आणि अम्म सिदहुम कबुतरांकडे गेले.

नग्लाने कैरोला उत्तर पाठवलं. ते असं:

'प्रति, यंत्रसामग्री विभाग. आपल्या पत्राच्या संदर्भात सादर करण्यात येते की, या कारखान्यात चालू म्हणून नोंद असलेली चारशे बारा यंत्रे आहेत. ती चालू असल्यामुळे त्यांना सुटे भाग देता येत नाहीत, व सुटे भाग न मिळाल्यामुळे ती चालू राहत नाहीत. भंगार म्हणून नोंद असलेले यंत्र एकच असून ते उत्तम चालते. तरी वरील सर्व चारशे बारा यंत्रे येत्या हंगामापूर्वी चालू स्थितीत भंगार घोषित करण्यात यावीत, त्यांचा लिलाव कधीही करण्यात येऊ नये, आणि भंगार समितीने पूर्वीप्रमाणेच फक्त चहा पिऊन जावे, ही नम्र विनंती.'