सातव्या थांब्यावरची कडी

आमच्या पायी सहलीत अकरा थांबे आहेत आणि दोन तास दहा मिनिटं लागतात. मी मात्र दहाच थांबे घेत होते. वाचलेली बारा मिनिटं मी कॅथेड्रलच्या दक्षिण दारासमोर खर्च करायचे. तिथल्या ग्रॅनाइटवर पावसानं काय केलं आहे ते बोट लावून दाखवता येतं.

गाईड व्हायच्या आधी मी भूशास्त्र शिकले. प्रबंध दगडाच्या झिजेवर लिहिला. सांतियागोसारख्या ग्रॅनाइटच्या तीर्थक्षेत्री जन्मलेल्या मुलीला या विषयासाठी लांब जावं लागत नाही, पण त्यावर नोकरी मिळवायची तर लांबच जावं लागतं. मला जायचं नव्हतं. म्हणून परवान्याची परीक्षा दिली आणि अमादोरकडे लागले. अमादोर एकसष्ट वर्षांचा आहे, चौतीस वर्षं गाईड आहे. त्याची पिवळी छत्री गावात कुणालाही ओळखू येते.

सातवा थांबा म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतली एक कमान. कमानीखाली, भिंतीत छातीच्या उंचीवर, एक लोखंडी कडी आहे. गोष्ट अशी सांगतात की सोळाव्या शतकात प्लेगची साथ आली तेव्हा यात्रेकरूंना घरांजवळ फिरकायला मनाई होती. या घरात आल्दारा नावाची विधवा भटारीण राहायची. ती खिडकीतून टोपलीत पाव सोडायची. टोपलीची दोरी या कडीला बांधलेली असे, आणि पाव घेणाऱ्यानं दोरीला एक गाठ मारून पुढं जायचं. साथ ओसरली तेव्हा दोरीत गाठीसाठी जागा उरली नव्हती.

ही गोष्ट अमादोरनं रचली आहे. वीस वर्षांपूर्वी एका नोव्हेंबरात अठ्ठावीस माणसं घेऊन तो पावसात कमानीखाली अडकला. माणसं कंटाळायला लागली आणि समोर कडी होती. हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात, कॉफी पिताना, काहीही न लपवता सांगितलं. आता गावातल्या सगळ्या कंपन्यांचे गाईड ती गोष्ट सांगतात. पायी आलेले यात्रेकरू बुटाची एक नाडी काढून त्या कडीला गाठ मारतात. एकदा मी मोजल्या होत्या, दोनशे चौदा नाड्या होत्या.

त्याच वेळी मी नाड्या बाजूला सारून कडीचं दगडातलं भोकही पाहिलं. बावीस मिलिमीटर, काटेकोर गोल, आतून गुळगुळीत. छिन्नीनं पाडलेलं भोक असं नसतं. कडी सिमेंटमध्ये बसवलेली होती. सोळाव्या शतकात सिमेंट नव्हतं. त्या दिवसापासून मी सातवा थांबा गाळायला लागले. अमादोरला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं. तुझ्या लोकांना पाव नको तर नको."

मार्चमध्ये एका सकाळी मी अठरा माणसांना घेऊन कमानीखालून न थांबता चालले होते. वरच्या मजल्याची काचेची खिडकी उघडली.

"ए छत्रीवाल्या पोरी."

मी वर पाहिलं. करडा स्वेटर घातलेली म्हातारी बाई होती. गल्लीतले लोक गाईडांना वैतागलेले असतात. मी आवाज कमी करायची तयारी केली.

"माझ्याकडं का थांबत नाहीस तू?"

"आजी, माझ्याबरोबर माणसं आहेत."

"म्हणून तर विचारते. सगळे थांबतात. तू एकटीच अशी जातेस, जसं काही मी उधारी मागणार आहे. दुपारी वर ये."

माझ्या गटातल्या सारागोसाच्या एका काकांनी विचारलं की या आजी सहलीचा भाग आहेत का. मी नाही म्हणाले. त्यांना वाईट वाटलं.

दुपारी गेले. दोसिंदाबाई त्र्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी मला न विचारता कोबी-बटाट्याचं सार वाढलं आणि समोर बसल्या.

"तुला ती गोष्ट आवडत नाही?"

"ती खरी नाही."

"ते मला सांगतेस? ती कडी माझ्या नवऱ्यानं, रामिरोनं बसवली. एकाहत्तर साली. मोटरसायकल साखळीनं बांधायला. ड्रिल बांधकामावरून आणलं होतं, रविवारी सकाळी. शेजारी अजून झोपलेत, आवाज करू नको म्हटलं, तर म्हणाला, चर्चमध्ये मिस्सेला गेलेत सगळे."

मी चमचा खाली ठेवला. माझं मोजमाप बरोबर होतं याचा आनंद झाला, हे लपवत नाही.

"मग तुम्ही वीस वर्षं ऐकून घेता?"

"रामिरो गेल्यावर दिवसातून चौदा वेळा कुणीतरी त्या कडीबद्दल चांगलं बोलतं. मी का नको म्हणू? पण आता गोष्ट वेगळी आहे."

वेगळी गोष्ट अशी होती. घर त्यांचं नाही. लग्न होऊन अडुसष्ट साली त्या इथं भाडेकरू म्हणून आल्या आणि तो करार अजून चालू आहे. जुना मालक वारला. त्याच्या पुतण्याला खाली छोटं हॉटेल करायचं आहे. त्यासाठी कडीच्या भिंतीत काचेचं रुंद दार पाडायचं आणि काम चालेल तोवर, म्हणजे दीड वर्ष, घर रिकामं करायचं.

"दीड वर्षानं परत येता येईल, असं कागदावर आहे," त्या म्हणाल्या. "त्र्याऐंशीव्या वर्षी बाहेर गेलेलं माणूस परत येतं का, हे कागदावर नाही."

गल्लीतल्या औषधाच्या दुकानातल्या मुलीनं त्यांना सांगितलं होतं की भिंतीत जुनं काही असलं तर नगरपालिका ती फोडू देत नाही. त्या मुलीकडूनच त्यांनी अर्ज लिहून घेतला. अर्जात कडी आणि भटारीण, दोन्ही होत्या. गुरुवारी नगरपालिकेतून सेइशास नावाच्या बाई सहलीबरोबर चालत येऊन पाहणी करणार होत्या.

"त्यांनी विचारलं आहे की गाईड लोकांपैकी दगडातलं कुणाला कळतं का. अमादोरनं तुझं नाव दिलं."

अमादोरला हे सगळं माहीत होतं की नाही, ते मला कळेना. संध्याकाळी त्याला बारमध्ये गाठलं. तो उभ्यानं पिणारा माणूस आहे, पण मी मोटरसायकलचं सांगितलं तसा तो बसला.

"मोटरसायकल," तो म्हणाला.

"हो."

"कुठली?"

"लाल होती, एवढंच म्हणाल्या. त्यानं काय फरक पडतो?"

"मला पडतो. वीस वर्षं मी त्या कडीवर बोलतोय. मला वाटायचं निदान गाढव तरी बांधत असतील." त्यानं ग्लास फिरवला. "मी तुझं नाव दिलं कारण त्यांनी भूशास्त्रवाला मागितला. मला वाटलं तू म्हणशील, कडी जुनी आहे. कडीकडं बघून कुणालाही जुनीच वाटते."

"मी खोटं लिहून देणार नाही."

"मी मागितलं का?"

"मागितलं नाही. पण बघताय तसंच."

"मी असाच बघतो. माझ्या बायकोनं पण हीच तक्रार केली होती."

त्या दोन रात्री मी नीट विचार केला. एका बाजूला बावीस मिलिमीटर आणि सिमेंट. दुसऱ्या बाजूला एक बाई, जिला घराबाहेर काढलं की ती परत येणार नाही, याची मलाही जवळपास खात्री होती. या दोन गोष्टी एका मापात बसत नव्हत्या. शेवटी मी एवढंच ठरवलं की जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. विचारणार नाहीत ते आपण होऊन सांगायचं की नाही, हे मी ठरवलं नाही. ते गुरुवारवर सोडलं.

गुरुवारी अमादोरच्या सहलीत वीस माणसं होती आणि सेइशासबाई एकविसाव्या; मीही बरोबर होते. बाई चाळिशीच्या, पायात पावसाळी बूट, हातात जाड वही. पहिल्या सहा थांब्यांवर त्यांनी वही उघडली नाही. सातव्यावर अमादोरनं छत्री मिटली आणि गोष्ट सांगितली. मी ती शंभरदा ऐकली असेल. त्या दिवशी त्यानं ती नेहमीपेक्षा लवकर संपवली आणि दोरीचा शेवट विसरला. एका लंगडणाऱ्या यात्रेकरूनं तिथल्या तिथं बुटाची नाडी काढली. अमादोर लोकांना पुढच्या चौकात थांबवून परत आला.

"ही गोष्ट तुम्ही कुठून घेतलीत?" सेइशासबाईंनी विचारलं.

"गाईड कुठून घेतात?" अमादोर म्हणाला.

"मी तुम्हाला विचारते आहे."

"वीस वर्षं सांगतोय, बाई. गावातला प्रत्येक गाईड सांगतो. हव्या तेवढ्या लोकांना विचारा."

त्यांनी लिहून घेतलं. मग वर पाहिलं. दोसिंदाबाई खिडकीत कोपरं टेकून बसल्या होत्या, नवा स्वेटर घालून.

"आजी, तुम्ही या घरात आलात तेव्हा कडी इथंच होती?"

 कडी एकाहत्तरची आणि या बाई इथं आल्या अडुसष्टला.

"अगं बाई, ती जाणार कुठं?" दोसिंदाबाई म्हणाल्या.

 सेइशासबाईही याच मुलखातल्या. प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर आलं की काय समजायचं, हे आम्हाला लहानपणापासून कळतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. भिंतीजवळ जाऊन त्या नाड्यांच्या जुडग्यात बोटं घालून ते बाजूला करायला लागल्या.

"नाड्या सोडू नका, बाई," वरून आवाज आला. "माणसं आठशे किलोमीटर चालून बांधतात. मी सुद्धा हात लावत नाही."

नुकतीच नाडी बांधलेला यात्रेकरू चौकातून मागं वळून बघत होता. त्याचा एक बूट उघडा होता. सेइशासबाईंनी हात काढून घेतला आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही भूशास्त्र शिकलात. कडी किती जुनी असेल?"

"लोखंडाचं वय नुसतं बघून सांगता येत नाही," मी म्हणाले. हे खरं आहे.

"अंदाजे?"

"बघून सांगितलं तर तो अंदाज होईल. अहवालात अंदाज चालतो का?"

"नाही चालत. मग कसं ठरवायचं?"

"तुकडा काढून प्रयोगशाळेत तपासावा लागतो."

"आणि दगड? दगडावरून काही कळतं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. अमादोर छत्रीची पट्टी गुंडाळत होता, जी आधीच गुंडाळलेली होती.

"दगड घराइतकाच जुना आहे," मी म्हणाले. "या भिंतीचे दगड सतराव्या शतकाच्या अखेरीस घडवलेले आहेत. छिन्नीच्या खुणा दिसतात."

यातला शब्द न् शब्द बरोबर होता. भोकाबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शिवाय सतराव्या शतकाच्या घरात सोळाव्या शतकातली भटारीण कशी राहिली असेल, हे त्यांना दिसायला हवं होतं. कदाचित दिसलंही असेल. त्यांनी वही मिटली, आभार मानले आणि बाजारातून मिरच्या घेऊन गेल्या.

"दोन वर्षांत तू इतकं कमी कधी बोलली नाहीस," अमादोर चौकाकडे जाताना म्हणाला.

"तुम्ही दोरीचा शेवट विसरलात."

"विसरलो नाही. तोंडातून निघाला नाही." तो म्हणाला. "लाल मोटरसायकल डोळ्यासमोर यायला लागली."

माझंही काही वेगळं होत नव्हतं. तीन आठवडे मी दक्षिण दारासमोर दगडाविषयी बोलताना अडखळत होते. लोक मला प्रश्न विचारायचे आणि मी विचारल्यापेक्षा जास्त सांगायचे, मग गटाला उशीर व्हायचा. माझ्या प्रबंधाच्या सरांनी मला त्या गुरुवारी तसं उत्तर देताना पाहिलं असतं तर ते काय म्हणाले असते, याचा मी बऱ्याचदा विचार केला. ते म्हणाले असते की लपवलेलं निरीक्षण म्हणजे चुकीचं निरीक्षण. मला तेव्हाही ते पटलं होतं आणि आत्ताही पटतं.

एप्रिलच्या शेवटी पत्र आलं. दोसिंदाबाईंनी मला आणि अमादोरला वर बोलावलं. अमादोर दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला; वीस वर्षं खिडकीखाली बोललेला माणूस पहिल्यांदाच घरात आला होता. भिंतीवर रामिरोचा फोटो होता. अमादोरनं तो जवळ जाऊन पाहिला, आणि फोटोत मोटरसायकल नाही हे बघून परत येऊन बसला.

"वाच," दोसिंदाबाई मला म्हणाल्या. "चष्मा आहे, पण सरकारी भाषा त्यातून दिसत नाही."

पत्रात असं होतं की कडीच्या लोखंडाची तपासणी होईपर्यंत त्या भिंतीचं कोणतंही काम करायला परवानगी नाही. नमुना घेण्यासाठी संबंधित प्रयोगशाळेला कळवण्यात आलं आहे.

"म्हणजे?"

"म्हणजे तपासणी होईपर्यंत दार पाडता येणार नाही. तुम्हाला कुठं जावं लागणार नाही."

"आणि तपासल्यावर?"

अमादोर माझ्याकडे बघायला लागला. मी या वेळी पूर्ण उत्तर दिलं.

"तपासल्यावर कळेल की लोखंड विसाव्या शतकातलं आहे. ते लपत नाही. मग परवानगी मिळेल."

"किती दिवस लागतात त्याला?"

"त्या प्रयोगशाळेत मी प्रबंधाचे नमुने दिले होते. आधी चर्चचं काम घेतात, मग पुलांचं. अशा कड्या, कोयंडे शेवटी. माझ्या वेळी अडीच वर्षांची रांग होती. आता तीन असेल."

दोसिंदाबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग पत्राची घडी घातली आणि मिठाच्या बरणीखाली ठेवली.

"शहाऐंशी," त्या म्हणाल्या. "माझी आई शहाऐंशीचीच गेली. बरं आहे."

अमादोरनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी त्याच्यापुढे सार ठेवलं.

"खा. आणि पोरी, तू उद्यापासून थांबणार आहेस की तशीच जाणार आहेस?"

"थांबेन," मी म्हणाले. "पण भटारणीचं सांगणार नाही. नाड्यांचं सांगेन. त्या मी मोजल्या आहेत."

"काय वाटेल ते सांग. फक्त साडेअकराला आणू नकोस. तेव्हा मी बाजारात असते."