वरच्या तळ्यातले जिताडे

कासू गावाच्या खाली, खाडीकडच्या गावांत ज्याच्या दारात तळं आहे त्याच्या तळ्यात जिताडा हवाच. खाडीतून बोटभर पिल्लं आणायची, पावसाच्या पाण्यात सोडायची, आणि दोन-तीन वर्षांनी मासा हातभर झाला की मिशीवरून हात फिरवायचा, ही तिथली रीत. काळुरामच्या दारात तर दोन तळी होती. घराला लागून वरचं आणि बांधाकडेला खालचं. पण त्याच्या वरच्या तळ्यात सहा वर्षं जिताडा नव्हता, निदान गाव तसं म्हणत होतं. "लेकीनं बापाचं तळं बोडकं केलं," असंही म्हणत होतं. गावाला काय, बोलायला निमित्त लागतं.

लेक म्हणजे प्रतिक्षा. विद्यापीठात माशांवर पीएचडी करत होती आणि त्यासाठी तिनं बापाची तळी मागून घेतली होती. खालच्यात सगळे मासे राहू द्यायचे, वरच्यातून फक्त जिताडा काढायचा.

"काय व्हायचंय त्यानं?" काळुराम तेव्हा म्हणाला होता. "खाणारा गेला, आता बाकीचे वाढतील."

"वाढतील ते दिसेलच, बाबा. मला बघायचंय ते बदलतात काय. पिढ्यांमागून पिढ्या, रक्तातून."

आणि ते बदलले. खालच्या तळ्यात जिताडा कधी गिळेल याचा नेम नाही, म्हणून तिथल्या चिलापी माशांत ज्या मादीला लवकर पिल्लं झाली तिचाच वंश टिकला. चार बोटांची मादी तोंडात अंडी धरून फिरायची. वरच्या तळ्यात घाई कुणाला? तिथली चिलापी आधी वीतभर वाढायची आणि मग अंडी धरायची. या दांडग्या माशांनी तळ्यातलं शेवाळ आणि गवत फस्त केलं. गवत गेलं तशी कोळंबीला लपायला जागा उरली नाही, मुरी ही बारकी मासळीही दिसेनाशी झाली. एक जात काढली, तिच्यावाचून दुसरी बदलली, आणि त्या बदललेलीनं आणखी दोन जाती घालवल्या. प्रतिक्षानं दोन्हीकडची पिल्लं अंगणातल्या ड्रमांत वाढवली, तेच पाणी, तेच खाणं, तरी फरक तसाच राहिला, म्हणजे तो रक्तातलाच होता. त्या दिवशी पोर अंगणात नाचली होती. तिची आई बायजाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली होती, "काय गो, माशांना पोरं झाली तर तू का नाचतेस?"

तीच बायजाबाई तीन वर्षांपूर्वी आषाढात गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत खेळ आटोपला.

काळुरामच्या घराण्यात एक चाल होती. घरातलं माणूस गेलं की त्याच पावसाळ्यात त्याच्या नावानं जिताड्याची पाच पिल्लं तळ्यात सोडायची. बापाच्या नावानं त्यानं सोडली होती, आईच्या नावानंही. खालचं तळं मोकळं होतं, तिथं सोडली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण बायजाबाईनं चाळीस वर्षं वरच्या तळ्यावर भांडी घासली, तिथंच बसून शेजारणींशी भांडली. तिचे मासे बांधाकडेला नेऊन टाकायचे? त्याचं मन घेईना. प्रतिक्षा तेराव्यानंतर परत गेली होती. "वरच्या तळ्यात एक जिताडा जरी गेला तरी माझं सगळं काम फुकट," हे तिनं शंभरदा बजावलं होतं. एका दुपारी गाव जेवणात असताना त्यानं पाच पिल्लं सोडली आणि गप्प बसला.

पुढची तीन वर्षं त्यानं लेकीला फसवलं. ती काठाकाठानं हातजाळीनं मासे धरायची. मधल्या खोलगटात पाग टाकायचं काम त्याचं. जे जाळं त्याच्या हातून आयुष्यभर गोल पडलं, ते आता मुद्दाम आखूड पडू लागलं. "म्हातारा झालो गो," असं म्हणून तो वेळ मारून न्यायचा. तीही हसायची. ते हसू त्याला फार लागायचं.

या पौषात ती आली, आठ दिवस मोजमाप केलं आणि नवव्या दिवशी वही मिटून पायरीवर बसली.

"बाबा, वरच्या तळ्यात परत चार बोटांच्या माद्या अंडी धरायला लागल्यात. गवत आलंय, कोळंबी आली. सगळं खालच्या तळ्यासारखं, आणि जिताडा तर इथं नाहीच."

काळुराम पागात अडकलेलं गवत काढू लागला.

"म्हणजे माझंच पहिलं मोजमाप चुकलं. ते ड्रम, ती पिल्लं, सगळंच. मी आज सरांना कळवते, पहिली तीन वर्षं रद्द करा म्हणून."

पोरीनं उन्हातान्हात गुडघाभर चिखलात उभं राहून केलेलं खरं काम ती स्वतःच्या हातानं खोडणार होती.

"नको कळवू," तो म्हणाला. "तुझं काय चुकलं नाय. जिताडं हायत वरच्या तळ्यात. मी सोडली."

त्यानं पाग उचलला, पाण्यात उतरला आणि खोलगटावर फेकला. जाळं गोल पडलं. ओढता ओढता हाताला हिसका बसला, आणि हातभर लांबीचा रुपेरी जिताडा काठावर येऊन तडफडू लागला.

"आता एकेक करून सगळे काढतो," काळुराम धापा टाकत म्हणाला. "तळं पहिल्यासारखं करून देतो."

"पहिल्यासारखं कसं होईल, बाबा?" तिचा आवाज चढला. "उशिरा अंडी धरणारी ती चिलापी यांनी कधीच खाल्ली. तिचा वंशच उरला नाय. जिताडे काढलेस तरी ती परत येणार नाय. आणि माझी शिष्यवृत्ती मार्चला संपते." तिनं जिताडा दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडला. मग वही उघडली. "कधी सोडलेस?"

"तीन वर्सं झाली. आषाढात."

"किती?"

"पाच."

ती लिहीत होती. "कशाला सोडलेस?"

"तुझ्या आईच्या नावानं," तो म्हणाला. "आपल्या घरात सोडतात. तुला इचारलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस, म्हणून..."

प्रतिक्षाचं पेन थांबलं. तीन वर्षांचं काम मोडलं तेव्हा ती रडली नव्हती. आता तिचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा झाला.

"नाय म्हटलं नसतं, बाबा," ती म्हणाली. "मला बोलावलं असतंस तर मी माझ्या हातानं सोडले असते."