तीन मिनिटांची वाळू

मी विधिमंडळातलं वाळूचं घड्याळ बोलतोय. दचकू नका. जिथे गप्प बसणाऱ्याला कोणी विचारत नाही, अशा सभागृहात आयुष्य काढल्यावर वाण नाही पण गुण लागणारच.

माझी वाळू सरहद्दीवरच्या नदीची. काच फुंकणाऱ्या एका म्हाताऱ्याने ती चाळली, धुतली, उन्हात वाळवली आणि माझ्या पोटात भरली. अजूनही डोळा लागला की मला पाणी हलताना जाणवतं. पलीकडच्या काठावर कोणी कपडे धूत असतं, अलीकडून कोणी हाक मारत असतं. नदीला काय ठाऊक, कुठला काठ कुणाचा!

काम सोपं होतं. मतदान पुकारलं की अध्यक्षांच्या टेबलावर मला उलटं करायचं. वाळू संपेपर्यंत, म्हणजे तीन मिनिटांत, सभासदांनी चहा आणि भांडणं टाकून आत यायचं. शेवटचा कण पडला की दारं बंद. मग बाहेर मंत्री का उभा असेना.

मला हात लावायचा मान एकाच माणसाचा, सभागृहाच्या शिपायाचा. दमट दिवसांत माझ्या गळ्याशी वाळू अडते. तेव्हा ते नखाने टिचकी मारायचे. 'टिक' वाजलं की वाळू पुन्हा चालू. म्हणून सगळे त्यांना टिचकीकाका म्हणत. माणूस नाकासमोर चालणारा. एकदा त्यांचा सख्खा मेव्हणा, तोही सभासद, उंबऱ्यावर पोचला होता. काकांनी हात वर केला आणि दार लागलं. बहिणीने वर्षभर घरात पाऊल टाकलं नाही.

पुढे आमचं सैन्य नदी ओलांडून शेजारच्या देशात गेलं. दोन महिन्यांत परत येतील म्हणाले होते, तीन वर्षं झाली. त्यात काकांचा एकुलता एक मुलगा होता. काका रोज मला पुसताना त्याच्या पत्रातलं सांगायचे. तो लिहायचा, इथली म्हातारी माणसं आमच्याशी बोलत नाहीत, नुसती बघतात. बाबा, आम्ही इथे करतोय तरी काय? मग पत्रं थांबली. काका पुसत राहिले, पण बोलेनासे झाले. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी सैन्य परत बोलावण्याचा ठराव आला. दिवस कुंद होता, भिंतींना ओल आलेली. दोन्ही बाजूंची डोकी सारखी भरत होती आणि बरोबरी झाली तर ठराव पडायचा. ठरावाच्या बाजूने एकच मत यायचं राहिलं होतं, सगळ्यांत वयस्क सभासद आजीबाईंचं. त्या दवाखान्यातून निघाल्याचा निरोप होता.

मतदान पुकारलं. काकांनी मला उलटं केलं. वाळू सुरू झाली आणि मला गुंगी आली. नदी दिसली, काठावर कोणी बुटांचे बंद सोडून पाण्यात पाय टाकून बसलेला दिसला. तेवढ्यात बाहेर जिन्यावर काठी वाजली. चिमूटभर वाळू उरली होती, ती माझ्या गळ्याशी अडली.

ठरावाच्या विरोधातला एक टकल्या वकील शांतपणे म्हणाला, "काका, टिचकी मारा."

काकांनी मारली. एकदा, दोनदा, तीनदा. सगळ्यांनी पाहिलं. पण मी वाळू सोडली नाही. खरं सांगतो, दात नाहीत तरी दातओठ खाऊन धरून ठेवली. आजीबाई धापा टाकत आत आल्या, आणि मगच मी गळा सैल केला.

ठराव एका मताने पास झाला. दुसऱ्या दिवशी काकांनी राजीनामा दिला. नजर अधू झाली म्हणाले. सैन्य परतलं, पण त्यांचा मुलगा आला की नाही हे मला कोण सांगणार? सभागृहात बटणं आली, दिवे आले. मी मागच्या खोलीतल्या कपाटात गेलो आणि वर्षानुवर्षं डुलक्या घेत राहिलो.

परवा कपाट उघडलं. काका होते, पार वाकलेले. सोबत कानाशी केस पिकलेला, जरा लंगडणारा एक माणूस. त्याने काकांना "बाबा, सावकाश" म्हटलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

तो खिडकी उघडायला गेला तेव्हा काका माझ्यावर वाकले. "तुला तर माहीतच आहे," ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी नख लावलं नव्हतं. नुसतं बोट टेकवलं."

खरंच की! तिन्ही वेळा 'टिक' वाजलंच नव्हतं. मी मेला आपला सगळं श्रेय घेऊन बसलो होतो, आणि हा माणूस सगळा दोष घेऊन.

मुलाने येऊन मला उलटं केलं. हवा दमट होती. शेवटची चिमूट अडली. त्याने टिचकीसाठी बोट उचललं, तसं काकांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "कोणी यायचं असेल अजून."

ते गेले. चिमूटभर वाळू अजून वरच आहे. कधी या कपाटाशी आलात तर मला हलवू नका.