काळीवरची घरकुलं

काळी पिकाची, पांढरी माणसाची, हे वसमतकडच्या लेकराला दुधासोबतच पाजतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळती, पावसात फुगती. तिच्यावर घर बांधणं म्हणजे म्हशीच्या पाठीवर उतरंड रचणं. तरी बौद्धवाड्याची सरकारी घरकुलं उठली ती ओढ्याकाठच्या काळीवरच. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता.

अट एकच. आधी जुनं घर पाडा, मग नव्याची किल्ली घ्या. जुनी जागा पांढरीची, उंचावरची. तिथं सरपंच व्यंकटरावाला हळदीचं गोदाम घालायचं होतं.

बौद्धवाड्यातला जळबा घर पाडायला कुदळ घेऊन तयारच होता. त्याची बायको केशरबाई म्हणाली, "दम धरा. आधी जातं मांडून पाहू द्या." नव्या घरात पहिलं दळण दळल्याबिगर जुनी चूल मोडायची न्हाई, ही तिच्या सासूची रीत.

उद्घाटनाला इंजिनिअर साहेब आले. हार, पेढे, अत्तर; अन् अत्तराच्या आडून ओढ्याची घाण. केशरबाईनं नव्या घरात मांडलेल्या जात्यावर ओवी धरली:

काळ्या मातीत गं, पिकं मोत्याची जवारी
पांढरीनं दिली बाई, माणसाला ओसरी

जातं डुगडुगलं. पीठ एकाच अंगाला सांडू लागलं.

"साहेब, पाया मुरमापर्यंत न्हाई का नेला?" जळबानं भीतभीत विचारलं.

साहेब तोंडात पेढा घोळवत म्हणाले, "नेला असता तर त्याच पैशात निम्मीच घरं झाली असती. वर आकडा जातो बाबा, पाया जात नाही."

"मग आकड्यात राहावं का आमी?" केशरबाई म्हणाली.

"केशरे, काहून बाऊ करून राहिलीस?" व्यंकटराव हसला. "खाली एक खापर सरकव, झालं बराबर." खापर शोधत त्यानं कोपऱ्यातल्या भिंतीची वीट धरली. भाकरीचा पापुद्रा निघावा तशी वीट अलगद हातात आली. भिंतीची माती भुरभुर पिठात पडली.

केशरबाईनं चिमूटभर पीठ जिभेवर टाकलं. दाताखाली कचकच. ती उंबऱ्यावर जाऊन थुंकली.

"पाव्हण्यापुढं थुंकतात व्हय?" व्यंकटराव डाफरला.

"खाऊन पाहा की मालक." तिनं पसाभर पीठ पुढं केलं. "तुमच्याच घराचं हाय."

कुणी हात पुढं केला नाही. साहेबांनी अर्धा पेढा खाली टाकून रुमालानं बोटं पुसली.

जात्याची खालची तळी जळबानं उचलली, वरची तिनं. जुन्या घराच्या दारात त्यानं जातं टेकवलं, अन् कुदळ आढ्याला खोचून ठेवली.

केशरबाईनं रांजणातलं पाणी घेऊन चूळ भरली. परत भरली. कचकच काही जाईना.