तालुका नसलेलं घर

"तालुका?" अविनाशने विचारलं आणि पेन कागदावर टेकवून थांबला.

"तालुका नाहीये हो. समुद्र आहे," लॅपटॉपवरून नजर न काढता अलकनंदा म्हणाली.

दर जानेवारीत केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्या आणि घरच्यांच्या जमीनजुमल्याचा तपशील द्यायचा असतो. अविनाश तो इतक्या मनापासून भरायचा, की ऑफिसात त्याची थट्टा व्हायची. यंदा त्याने बायकोची कॉम्प्युटरमधली जमीनही त्यात धरली होती. दिवाळीला आलेला सुक्या मेव्याचा डबा परत पाठवणारा माणूस हा. त्याला कोण समजावणार?

मुलगा चैतन्य नोकरीसाठी पुण्याला गेला आणि दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधल्या दुपारी अलकनंदाला खायला उठू लागल्या. तेव्हा ती या आभासी दुनियेत शिरली. तिथल्या लोकांच्या घरांसाठी तिने पडदे आणि तोरणं चितारून विकली, मिळालेले कॉइन साठवून प्लॉट घेतला आणि त्यावर घर बांधलं. आता ब्राझीलमधल्या कुणालातरी ते हवं होतं.

"हे कॉइन म्हणजे खेळण्यातलेच ना?"

"कंपनी रुपये घेऊन कॉइन देते. परत करताना थोडं कापून डॉलर देते, ते बँकेत येतात."

"आणि कंपनी बुडाली तर?"

"तर शून्य. घेणारा आहे तोवरच किंमत. आज तो देतोय त्याचे साडेतीन लाख होतात."

अविनाशने पेन खाली ठेवलं. मार्चअखेर तो रिटायर होणार होता.

"अगं, इतकी वर्षं का नाही दाखवलं, असं विचारतील! चौकशी लागून रिटायरमेंटचा व्हिजिलन्स क्लिअरन्स अडकला तर पेन्शन लटकेल. विकून टाक. टॅक्स भरू आणि मोकळे होऊ."

अलकनंदाचा जीव त्या घरात अडकला होता. पण नवऱ्याची उडालेली झोपही तिला दिसत होती.

"चलो, ठीक आहे," ती म्हणाली. तिने खरेदीदाराला निरोप धाडला. थोड्याच वेळात स्क्रीनवर एक टोपीवाला त्या घराच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. अलकनंदाने लॅपटॉप नवऱ्याकडे वळवला. "विकायच्या आधी एकदा बघून तर घ्या."

त्याने ते घर कधी पाहिलंच नव्हतं. दारावर पाटी होती : अलकनंदा. आजवरच्या प्रत्येक क्वार्टरवर त्याचं नाव आणि हुद्दा असायचा. बदली झाली की पाटी उतरायची. आत झोपाळा होता, चैतन्यची खोली होती, आणि समुद्राकडे उघडणारी एक खोली, तिची चित्रं काढायची.

"अच्छा. आणि माझी खोली कुठली?"

अलकनंदा ओशाळली. "तुम्ही कधी आलाच नाहीत."

ते त्याला लागलं. तो त्या पाटीकडे पुन्हा पाहत राहिला.

"एक खोली वाढवता येते का?" त्याने विचारलं.

"येते की. पण तुमचा क्लिअरन्स?"

"विचारलं तर सांगेन, बायकोच्या कष्टाचं आहे म्हणून. त्या टोपीवाल्याला नाही कळव. बांधायला परवानगी कोणाची लागते?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी गंभीरपणे विचारत होता.

"माझी," ती म्हणाली.

अविनाश खुर्चीत सरळ बसला.

"मग मागतो," तो म्हणाला.