महाराजांना शेंग धरली

स्त्रीच्या कुशीचा निकाल आंब्याच्या झाडावर लागतो, हे शास्त्र फार प्राचीन आहे. अकोले तालुक्यातल्या आमच्या वाडीत ते एकाहत्तर सालच्या मे महिन्यात, शनिवारी सकाळी नऊच्या एस.टी.नं आलं. सोबत वेणीबाबा होते आणि एक वळकटी.

आमच्या डोंगरात जुन्या आंब्यांवर सीतेची वेणी फुलते. आंब्याचा मोहर नव्हे, ऑर्किडचा फांदीवरून लोंबणारा, पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेला तुरा. बाबांनी त्याच्याखालीच बैठक मारली आणि पहिल्याच दिवशी एक मधमाशी दाखवली. तिच्या कपाळावर दोन पिवळेधमक थेंब! "देवीचा भंडारा!" बाबा ओरडले. वाडीनं मधमाशीला हात जोडले. मधमाशी घाईत होती.

मूल नसलेल्या बाईनं आपल्या नावाचा दोरा एका तुऱ्याला बांधायचा. बारा दिवसांत शेंग धरली तर पाळणा हलणार. नाही तर कूस वांझ. ज्यांच्या घरून तूप आलं त्यांचे तुरे उघडे राहिले. बाकीच्यांवर बाबा मलमलीची पिशवी चढवत, "दृष्ट लागू नये म्हणून."

छबूबाईच्या तुऱ्यावर पिशवी होती. लग्नाला सहा वर्षं झालेली. शेंग आली नाही तर पाऊस लागायच्या आत नवऱ्याचं, गोरक्षचं, दुसरं लग्न. सासूनं, लंकाबाईनं, पोरगी हेरून ठेवलेली. कायद्यानं असली लग्नं पंचावन्न सालीच बंद केली होती, पण कायदा नऊच्या एस.टी.नं आला नव्हता.

हायस्कूलात शास्त्र शिकवणाऱ्या सरोजिनीबाई दोरा घेऊन आल्या, तेव्हा बाबा फुलले. "या बाई. तुम्हालाही नाही का?"

"मला दोन आहेत. दोरा तुमच्या नावाचा बांधते."

"आम्ही बालब्रह्मचारी!"

"मग शेंग धरणारच नाही. परीक्षा खरी ठरेल."

सगळी वाडी बघत होती. बाबांना नाही म्हणता येईना. बाईंनी खराट्याची काडी काढली, शेजारच्या आंब्यावरच्या वेणीच्या फुलांत खुपसून पिवळे थेंब उचलले आणि बाबांच्या तुऱ्यातल्या सात फुलांना लावले.

"हे काय?"

"पूजा."

बाबांनी स्वतःच्या हातानं पिशवी चढवून गाठ मारली.

बाराव्या दिवशी पिशव्या निघाल्या. तूपवाल्या दोघींच्या तुऱ्यांवर शेंगा होत्या. छबूबाईची फुलं नुसतीच ताजी. लंकाबाई पदर खोचून उठली. "झालं! उद्याच पाव्हन्यांना निरोप धाडते."

"थांबा मावशी, एक पिशवी राहिली," सरोजिनीबाई म्हणाल्या.

बाबांच्या तुऱ्यावर सात हिरव्यागार शेंगा लटकत होत्या.

सगळी वाडी पुढं सरकली. मग सुईणपण केलेल्या भागूबाईनं काळजीनं विचारलं, "म्हाराज, कितवा म्हैना?"

हसणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "तो भंडारा म्हणजे परागाचे गोळे. मधमाशीच्या कपाळाला चिकटतात आणि पुढच्या फुलात पोचले की शेंग धरते. पिशवीत मधमाशी शिरत नाही. मी मधमाशीचं काम काडीनं केलं, बस."

बाबा एकेकाळी कुठल्याशा बागेत माळी होते. पिशवी घातली की शेंग धरत नाही, एवढं ते तिथं शिकले. का धरत नाही, हे विचारायची त्यांना गरज पडली नव्हती. आम्हालाही.

लंकाबाई खाली बसली. "मंग आमच्या छबूचं काय?"

"फुलाला विचारू नका. दवाखान्यात न्या. दोघांना."

"गोरक्षला? त्याला कशापायी?"

"लग्न दोघांचं झालंय ना?"

छबूबाईनं आपला दोरा तोडला. "आत्याबाई, पाव्हन्यांना निरोप नगं. ह्येंला उठवा. नऊची गाडी हाय."

त्याच गाडीनं बाबाही गेले. वळकटी विसरली, तूप नाही.

डॉक्टरांना छबूबाईत दोष सापडला नाही. औषध गोरक्षला लिहून दिलं.

महाराजांच्या शेंगा दिवाळीनंतर वाळून फुटल्या. आत पिठासारखं बारीक बी होतं.